मैत्रीचें मोल आणि साष्टी

दोन राज्यें एकमेकांशीं दोस्तीचा तह कां करितात, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास वाकोल्याच्या वाचकांनीं युरोपांत जावयास नको. त्यांच्या पायांखालची जमीन साष्टी बेटाची. आणि साष्टी ही अशाच एका तहाची किंमत होय.

माहीमच्या खाडीपलीकडील मुंबई तर लग्नांतच गेली. स्पेन व डच यांच्या कचाट्यांत सांपडलेल्या पोर्तुगालला इंग्लंडचें बळ पाठीशीं हवें होतें, म्हणून १६६१ च्या तहानें राजकन्या कॅथरीनबरोबर ती दुसऱ्या चार्लस राजास आंदण मिळाली. सोयरीक जुळवितांना वधूच्या गुणांपेक्षां व्याह्यांच्या वजनाचा विचार अधिक होतो, हें आमच्या गृहिणींस सांगावयास नकोच! साष्टी मात्र पोर्तुगीजांनीं राखली. ती मराठ्यांनीं १७३७ त घेतली व १७३९ त चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. त्या मोहिमेंत हजारों मराठे पडले.

पुढें ३६ वर्षांनीं त्याच चिमाजी आप्पांच्या सख्ख्या पुतण्यानें, रघुनाथरावांनीं, पेशवाईच्या लोभानें मार्च १७७५ त सुरतेस इंग्रजांशीं तह केला. इंग्रजांनीं २५०० फौज द्यावी, दादासाहेबांनीं साष्टी व वसई द्यावी, असा सौदा. इंग्रज कांहीं सहीची वाट पाहत बसले नव्हते. पोर्तुगीज पुन्हां साष्टीवर येतील या धास्तीनें ठाण्याचा किल्ला त्यांनीं १७७४ च्या डिसेंबरांतच हल्ला करून घेतला होता. एकास गादी हवी होती, दुसऱ्यास मुंबईच्या दाराशीं असलेलें बेट. परस्परांविषयीं प्रेम कोणासच नव्हतें.

नाना फडणिसांनीं यावर केलेला डाव मराठी मुत्सद्देगिरीचा कळस होय, असें आम्हांस वाटतें. ज्याच्याशीं मराठे वर्षानुवर्षें लढले त्या हैदराशीं, तसेंच निजाम व नागपूरकर भोसले यांच्याशीं १७८० त त्यांनीं इंग्रजांविरुद्ध जूट केली. परंतु चौघांस बांधणारा धागा एकच, इंग्रजांचें भय. ज्याचें भय शमलें तो मोकळा झाला. हेस्टिंग्सनें निजामाची गुंटूरची तक्रार मिटविली, भोसल्यांस पैसा चारला. हैदर मात्र अर्काटावर तुटून पडला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें पुणेंहि बाजूस झालें. नानांनीं मान्यता बरेच महिने लांबविली, एवढेंच. वसई परत आली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

फ्रान्सनें १७७८ त अमेरिकन वसाहतींशीं दोस्ती केली ती लोकसत्तेच्या प्रेमानें नव्हे; १७६३ चा पराभव त्यास सलत होता. १९४९ ची नाटो सोव्हिएट रशियाच्या भयांतून जन्मली, आणि युक्रेनवरील स्वारीनंतर फिनलंड २०२३ त व स्वीडन २०२४ त तींत शिरले.

बरोबरीच्या दोस्तीची गोष्ट निराळी, आश्रिताची निराळी. दादासाहेबांचे पुत्र दुसरे बाजीराव होळकरांच्या भयानें इंग्रजांकडे धांवले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं तह झाला. कंपनीचें ६००० पायदळ बाळगावयाचें, त्याच्या खर्चास २६ लक्षांचा मुलूख तोडून द्यावयाचा, आणि कंपनीस विचारल्यावांचून परराज्याशीं बोलावयाचेंहि नाहीं. हा तह झाला तो वसईसच.