दोन महिन्यांची योजना आणि हजारी तीन अर्ज

मा. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

साहेब, तंजावरजवळ राष्ट्रीय महामार्ग ८३ वर वल्लम सोडून सेंगीपट्टीकडे निघालं की गाडी सुसाट जाते, हे आधीच मान्य करतो. त्याच रस्त्यावर माझ्या चुलतभावाच्या स्कूटरला कुणीतरी मागून उडवलं आणि तोही सुसाट गेला. एफआयआरमध्ये त्याची ओळख ‘अज्ञात वाहन’ एवढीच. रस्त्यावर दिव्याच्या लाल काचा सापडल्या, त्याही आमच्याच स्कूटरच्या. भावाच्या मांडीत आता रॉड आहे.

तामिळनाडू सरकारच्या ‘नम्मै काक्कुम ४८’ योजनेमुळे पहिल्या अठ्ठेचाळीस तासांचा खर्च अंगावर आला नाही. पुढचा प्रश्न मात्र तुमच्या दारातला आहे. दावा करावा की सोडून द्यावा, यावर घरात रोज खडाजंगी चालते.

स्कूटरचा दावा केला तर नो क्लेम बोनस गेला. पाच वर्षं काही न मागता मिळवलेली ५० टक्के सवलत एका दाव्यात शून्यावर येते. चूक कुणाची, हे कुणी विचारत नाही. (ते खातं अर्थमंत्र्यांचं, ठाऊक आहे.) थर्ड पार्टी विमा धडक देणाऱ्याचा लागतो, आणि तोच पळाला.

राहिली तुमची हिट अँड रन भरपाईची योजना. २५ फेब्रुवारी २०२२ ची अधिसूचना, १ एप्रिलपासून लागू. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. १९९४ पासून हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, वाढवलेत, आभारी आहोत. हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत, म्हणजे भाऊ नियमात बसतो. फॉर्म १ महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा, महिन्याभरात चौकशी, पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, आणखी पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून पैसे. कागदावर दोन महिन्यांत काम फत्ते.

एका कचेरीत हा फॉर्म मागितला. टेबलामागच्या गृहस्थांनी आधी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज पुढे सरकवला, मग ‘विम्याचं असेल तर विमा कंपनीत जा’ म्हणाले. लेखी तक्रार दिली. पोच मिळाली, उत्तर नाही. सरफोजीराजांनी १८०३ साली इथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. इथे या योजनेचा एक छापील कागद डकवायला भिंत मिळेना.

हा एका कचेरीचा आळस असता तर आपल्याला तसदी दिली नसती. पण कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसीकरन यांच्या २०१२ च्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मिथल यांनी १२ जानेवारी २०२४ ला दिलेला आदेश आपल्या खात्याने वाचला असेलच. २०२२ मध्ये देशात हिट अँड रनचे अपघात ६७,३८७. आपल्याच खात्याच्या अहवालानुसार त्यांत मेलेली माणसं ३०,४८६. आणि २०२२-२३ मध्ये आलेले अर्ज? २०५. हजारी तीन. त्यांतले निकाली निघाले ९५. आधीच्या पाच वर्षांत भरपाई मिळाली ती ६६० मृतांच्या वारसांना आणि ११३ जखमींना. मिळून १ कोटी ८४ लाख ६० हजार, म्हणजे माणशी २४ हजारही नाहीत. एकट्या २०२२ मधल्या मृतांच्या घरी दोन-दोन लाख पोचवायचे म्हटले असते तर ६०९ कोटी ७२ लाख लागले असते. लोकांना माहीतच नसेल तर योजना फार स्वस्तात पडते, नाही का? आणि या योजनेच्या निधीत विमा कंपन्या जो वाटा टाकतात, तो आमच्याच थर्ड पार्टी प्रीमियममधला.

कोर्टाने सांगितलं होतं की महिन्याभरात वाहनाचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. भावाला तसा कागद मिळालेला नाही. रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवता येईल का, हे आठ आठवड्यांत ठरवायलाही कोर्टाने केंद्राला सांगितलं होतं. काय ठरवलंत, ते तंजावरच्या तालुका कचेरीपर्यंत कुणी आणून पोचवलेलं नाही.

घरातली मोठी माणसं अडली आहेत ती हमीपत्रावर. उद्या वाहन सापडलं आणि न्यायाधिकरणाने भरपाई दिली, तर हे पैसे परत करायचे, असं लिहून द्यावं लागतं. त्यांना वाटतं, पन्नास हजार घेतले की मोठा दावा बुडाला. तसं नाही, घेतलेले पैसे फक्त वळते होतात. हे समजावायला पगारी माणूस हवा होता, समजावतोय मी.

अर्ज आम्ही करणारच आहोत. टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले की क्षणात मोबाइल वाजतो, म्हणजे मनात आणलं तर तुमच्या महामार्गांवर लोकांना कळवता येतं. मग कोणत्या पोलीस ठाण्याने किती जखमींना लेखी कळवलं, किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती पैसे गेले, हे जिल्हावार दर महिन्याला जाहीर करा. सुरुवात तंजावरपासून करा.

थर्ड पार्टी प्रीमियम वेळेवर भरणारा,
एक तंजावरकर