शेकरू नेमका कुणाचा?

नवा शुभंकर जाहीर झाला की आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘हे काय ध्यान!’ दुसरी त्याहून ठरलेली: ‘याचा आणि आपल्या गावाचा संबंध काय?’ जानेवारी 2024मध्ये नाशिकला सत्ताविसावा राष्ट्रीय युवा महोत्सव भरला. 12 तारखेला तपोवनात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. महोत्सवाचा शुभंकर होता शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी. आणि या दोन्ही प्रतिक्रिया मी त्या आठवड्यात पोटभर ऐकल्या.

एका फलकापाशी नातीचा हात धरून आजोबा उभे होते. ‘आजोबा, एवढी मोठी खार?’ ‘अगं, चित्रात करतात तसं,’ म्हणून आजोबांनी विषय मिटवला. खरं तर शेकरू नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट भरतो. तांबूस पाठ, फिकट पोट, झुपकेदार शेपूट. झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. पण तो पाहायचा तर भीमाशंकरसारख्या जंगलात जायला हवं. म्हणूनच चहाच्या टपरीवर एकाचं म्हणणं पडलं, ‘नाशिकचा शुभंकर बिबट्याच हवा. निदान कॉलनीत येऊन दर्शन तरी देतो!’ सगळे हसले. निफाड-सिन्नरच्या उसात ज्यांची रात्र बॅटरी घेऊन जाते, ते मात्र हसले नसते.

या थट्टेत वाईट काही नाही. जगभर हेच चालतं. 1996च्या अटलांटा ऑलिम्पिकचा निळा इझी नेमका कोण, हे शेवटपर्यंत कुणाला उमगलं नाही. लंडनच्या वेनलॉक आणि मँडेविल या एकडोळ्या जोडीला तर इंग्रजांनी धू धू धुतलं. बार्सिलोनाचा कोबी हा कुत्राही सुरुवातीला अनेकांच्या डोळ्यांत खुपला होता. 1992च्या स्पर्धा संपेपर्यंत तोच लाडका झाला. टिंगल झाली म्हणून शुभंकर पडत नाही. निदान लोकांनी त्याच्याकडे पाहिलं तरी!

तो मरतो तो समारोपाच्या दुसऱ्या दिवशी, मांडव उतरवताना. 2008मध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. त्यांचा शुभंकर जिगर नावाचा वाघ होता, दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या शेराचा धाकटा भाऊ. आज बालेवाडीत सराव करणाऱ्या किती पोरांना तो ठाऊक असेल? गोव्यात तर आणखी गंमत. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी 2020मध्ये बुलबुलाचं अनावरण झालं, स्पर्धा लांबत गेल्या, आणि 2023मध्ये त्या झाल्या तेव्हा बुलबुल जाऊन ‘मोगा’ हा गवा आला होता. बिचाऱ्या बुलबुलाला मैदानही दिसलं नाही.

याउलट 1982च्या दिल्ली आशियाई स्पर्धांचा अप्पू. स्पर्धा संपल्यावर त्याच्या नावाने दिल्लीत अप्पूघर उभं राहिलं. 2008मध्ये तेही बंद झालं, पण हत्तीचं पिल्लू दिसलं की आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘अप्पू’च येतं. मात्र ज्या खऱ्या हत्तीमुळे हा अप्पू घडला, तो केरळचा कुट्टीनारायणन पुढे सेप्टिक टँकमध्ये पडून पायाने अधू झाला आणि 2005मध्ये गेला. चित्र लाडकं झालं, प्राणी मागे पडला.

शेकरूचंही तेच झालं. पाच दिवस तो मिरवला, मग फलक उतरले. त्या मुलीला खऱ्या शेकरूबद्दल सांगणारी एक पाटी, एक सहल, शाळेत एक तास, एवढं तरी करता आलं असतं.

टोकियोने 2020च्या ऑलिम्पिक शुभंकरांची निवड थेट प्राथमिक शाळांवर सोपवली होती. प्रत्येक वर्गाला एक मत; दोन लाखांहून अधिक वर्गांनी मतदान केलं. नाशिकमध्ये पुढची मोठी स्पर्धा भरेल तेव्हा आयोजकांनी तीन चित्रं महापालिकेच्या शाळांत आणि हरसूल-सुरगाण्याच्या आश्रमशाळांत पाठवावीत. धावपटू कविता राऊत त्याच मातीतून धावत पुढे आली. तिथल्या पोरांना खेळातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. ती निवडतील त्या प्राण्यालाही आपण नावं ठेवूच. खुशाल ठेवा. फक्त स्पर्धा संपल्यावर त्याला गोदामात टाकू नका.