विश्लेषण : जुन्या मोटारीचा पॉवर स्टीअरिंग रॅक का गळतो? दुरुस्ती करावी की नवा बसवावा?

इमारतीच्या पार्किंगमध्ये पुढच्या चाकामागे लालसर तेलाचा डाग, वळण घेताना बॉनेटखालून येणारा घुंईऽऽ आवाज आणि सकाळी गाडी काढताना जड झालेले स्टीअरिंग. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारींच्या मालकांना ही लक्षणे नवी नाहीत. गॅरेजमध्ये ‘रॅक गेला’ असे सांगितले जाते आणि खर्चाचा आकडा ऐकून गाडीच विकून टाकावी का, असा विचार सुरू होतो. मोटारींच्या सुट्या भागांवरील जीएसटी कमी झाला असला, तरी जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढले आहे. त्यामुळे या निर्णयाचे गणित नव्याने मांडावे लागते.

स्टीअरिंग रॅक काय काम करतो?

स्टीअरिंग फिरवले की त्याच्या दांड्याच्या टोकाचे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फिरते. ते दात असलेल्या आडव्या दांड्याला, म्हणजे रॅकला, डावीकडे किंवा उजवीकडे सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड पुढची चाके वळवतात. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगमध्ये या कामाला तेलाच्या दाबाची जोड मिळते. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेल दाबाने रॅककडे पाठवतो. पिनियनजवळचा व्हॉल्व्ह ते रॅकमधील पिस्टनच्या योग्य बाजूला सोडतो आणि चालकाचे श्रम वाचतात. इनोव्हा, स्कॉर्पिओ यांच्या जुन्या पिढ्या तसेच सुरुवातीची होंडा सिटी यांत हीच पद्धत होती. आजच्या बहुतेक लहान मोटारींत इलेक्ट्रिक मोटर हे काम करते. तेथे तेलच नसल्याने ही गळतीही नसते.

गळती का सुरू होते?

पूर्ण वळणावर या यंत्रणेतील दाब टायरमधील हवेच्या दाबाच्या तीस-चाळीस पट असू शकतो. हा दाब रबराची काही लहान सील अडवून धरतात. वर्षानुवर्षे इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होते आणि त्याची पकड सुटते. दुसरे कारण रॅकच्या दोन्ही टोकांना असलेले घडीचे रबरी बूट. ते फाटले की धूळ, चिखल आणि पावसाचे पाणी आत शिरते. गुळगुळीत दांड्यावर गंज चढतो आणि दांडा सरकताना तो गंज सील खरवडतो. साचलेल्या पाण्यातून गाडी चालवणाऱ्या मुंबई, ठाण्यातील वाहनचालकांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. फाटलेला बूट वेळीच बदलला, तर पुढचा मोठा खर्च अनेकदा टळतो. चुकीचे तेल हेही एक कारण आहे. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल चालते, तर काहींना कंपनीने ठरवलेले वेगळेच तेल लागते. ‘कुठलेही चालते’ म्हणून ओतलेले तेल सील फुगवते किंवा आक्रसवते.

गळती रॅकचीच आहे, हे कसे ओळखावे?

तेलाची टाकी, पंप, दाबाचा पाइप, परतीचा पाइप आणि त्यांचे सांधे यांपैकी कोठूनही गळती होऊ शकते. वरून ओघळलेले तेल खाली रॅकवर साचते आणि निदान चुकते. म्हणून आधी सर्व भाग स्वच्छ पुसावेत, इंजिन सुरू करून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना काही वेळा फिरवावे आणि मग तेल कोठून येते ते पाहावे. बूट दाबल्यावर आत तेल जाणवले किंवा त्याची क्लिप सैल करताच ते बाहेर आले, तर टोकाचे सील गेले असे समजावे. पाइपची गळती रॅक बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात दुरुस्त होते. त्यामुळे ही तपासणी मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावी.

नुसते तेल भरत राहिले तर?

तेल अचानक संपले, तरी स्टीअरिंग आणि चाके यांची जोडणी तुटत नाही. मात्र ते एकाएकी जड होते. घाटातल्या वळणावर किंवा भर वाहतुकीत वळताना हे धोक्याचे ठरते. कोरडा चाललेला पंप निकामी होतो आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात. तप्त सायलेन्सरच्या पाइपवर तेल पडले, तर धूर येतो आणि आगीचा धोका असतो. गळती थांबवणारे रसायन कडक रबर थोडे फुगवते, त्यामुळे किरकोळ पाझर काही काळ थांबू शकतो. पण झिजलेले सील किंवा गंजलेला दांडा त्याने सुधारत नाही.

दुरुस्ती, जुना रॅक की नवा?

पर्याय तीन आहेत. पहिला, सील किट घालून रॅक दुरुस्त करणे. दांडा गुळगुळीत असेल, तर हा सर्वांत किफायतशीर मार्ग आहे. दांड्यावर गंजाचे खड्डे असतील, तर नवे सीलही लवकरच जाते. दुसरा, मुंबईत कुर्ल्यासारख्या जुन्या भागांच्या बाजारातून काढीव रॅक घेणे. तो स्वस्त पडतो. पण त्याची सीलही तेवढीच जुनी असतात, शिवाय गाडी अपघातातील असल्यास दांडा वाकलेला असू शकतो. तिसरा, नवा रॅक. तो महाग असला, तरी हमीसह मिळतो. पाच वर्षे गाडी वापरायची असेल, तर हाच पर्याय हिशेबात बसतो. झीज हे कारण असल्याने नेहमीच्या मोटार विम्यातून यासाठी भरपाई मिळत नाही.

रॅक बदलताना काय पाहावे?

चाके सरळ ठेवून स्टीअरिंग बांधून ठेवावे लागते. ते मोकळे फिरले, तर एअरबॅग असलेल्या गाड्यांत स्टीअरिंगखालील गुंडाळलेली वायर तुटू शकते. जोडावर खूण करून, टाय रॉडची टोके पुलरने सोडवून आणि पाइप काढून जुना रॅक बाहेर येतो. सांध्यांतील वॉशर किंवा ओ-रिंग नव्याच घालाव्यात आणि जुने तेल पूर्ण काढून यंत्रणा धुवावी. नवे तेल भरल्यावर पुढची चाके उचलून, आधी इंजिन बंद ठेवून आणि मग सुरू करून, स्टीअरिंग सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवत हवा काढतात. तेलात फेस राहिला, तर हवा शिल्लक आहे. शेवटी व्हील अलाइनमेंट अनिवार्य समजावे. ते टाळले तर टायर एका बाजूने झिजतात.

खर्च आणि नियमांचे गणित काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. करापूर्वी २० हजार रुपयांचा रॅक २५,६०० ऐवजी २३,६०० रुपयांना पडतो, म्हणजे दोन हजारांची बचत. ही बचत केवळ पक्क्या बिलावरच पडताळता येते. दुसरीकडे, १५ वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी नूतनीकरण करताना एप्रिल २०२२ पासून ६०० ऐवजी ५ हजार रुपये शुल्क आहे. २० वर्षांपुढील मोटारीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार झाले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणापूर्वी वाहनाची तपासणीही होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार स्टीअरिंग सुस्थितीत असावे, त्याचा मोकळा खेळ ३० अंशांहून अधिक नसावा आणि बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात.

त्यामुळे नोंदणी संपायला काही महिनेच उरले असतील, तर केवळ रॅकचा विचार करून भागत नाही. पत्रा, इंजिन आणि नूतनीकरण यांचा एकत्र खर्च मांडावा. पत्रा आणि इंजिन धड असेल, तर एका रॅकसाठी गाडी निकाली काढणे बहुतेकदा तोट्याचेच ठरते. पण गाडी विकायची ठरली, तरी गळती खरेदीदारापासून लपवू नये. तिचा धोका पुढच्या चालकाकडे जातो.