सही कुणाची, अटक कुणाला?

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात शिशू कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा बाळं गेली. पुढच्याच महिन्यात दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. अकरा रुग्ण दगावले. काही दिवसांतच एक डॉक्टर आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. चौघीही स्त्रिया.

दोन्ही ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबन झालं, हे खरं. पण निलंबन वेगळं आणि कोठडी वेगळी. दोन्ही आगींत सुरुवातीपासून बोट विजेच्या बिघाडाकडे होतं. मग वीज कुणाच्या अखत्यारीत होती, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

इमारतीतली वीज कागदांवरून चालत येते, मैत्रिणींनो. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाची देखरेख हवी, चाचणी अहवाल दिल्याशिवाय जोडणी मिळत नाही. सरकारी इमारतीत हे काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे असतं. राज्यात विद्युत निरीक्षकांचं स्वतंत्र खातं आहे. दोन्ही आगींच्या वेळी लागू असलेले २०१० चे केंद्रीय सुरक्षा नियम सांगत होते की, चालू जोडणीची तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांनी झालीच पाहिजे. शिवाय महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करायचं, ही जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे.

या सगळ्या कागदांवर सह्या लागतात. ठेकेदाराची, अभियंत्याची, निरीक्षकाची, रुग्णालय प्रमुखाची. परिचारिकेची सही यातल्या एकाही कागदावर लागत नाही. नवा कक्ष उभारताना नकाशा तिला दाखवत नाहीत. वॉर्मर, व्हेंटिलेटर, एसी वाढले तेव्हा जोडभार किती झाला आणि जुनी तार तो पेलेल का, हे तिला कुणी सांगत नाही. तिचं नाव कागदावर येतं ते थेट पोलिसांच्या फिर्यादीत.

यावर उत्तर मिळतं की, त्या वेळी परिचारिका कक्षात नव्हत्या. त्यांनी कर्तव्यात कसूर केली का, हे न्यायालय ठरवेल. रात्रपाळीला एका सिस्टरच्या अंगावर किती खाटा होत्या, हेही त्याच न्यायालयापुढे यावं. पण सिस्टर पलंगाशेजारी उभी राहिल्याने सदोष अर्थिंग दुरुस्त होत नाही. आग कशी विझवायची होती हा एक प्रश्न झाला. ती लागलीच कशी, हा त्याच्या आधीचा प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर द्यायला लागू नये म्हणून पहिल्याचा गाजावाजा होतो, असं मला वाटतं.

घरातही हेच चालतं. गॅस पेटला, स्टोव्ह भडकला, की पहिला सवाल 'तुझं लक्ष कुठं होतं?' शेगडीची नळी किती जुनी होती, हे नंतर. सांभाळण्याचं काम बाईचं, म्हणून बिघाडही तिच्याच माथी. रुग्णालयात त्याला फक्त कायद्याचं कलम जोडलं जातं.

म्हणून 'दोषींवर कडक कारवाई करा' एवढंच निवेदन देऊन भागणार नाही. त्याने जो सर्वांत जवळ सापडतो तोच दोषी ठरतो. आपली मागणी नेमकी हवी. प्रत्येक कक्षाच्या दारावर शेवटच्या विद्युत तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचा हुद्दा, सापडलेले दोष आणि ते दुरुस्त झाल्याची तारीख लावा. कक्षात नवं यंत्र बसवण्याआधी जोडभाराचं पत्रक इन्चार्ज सिस्टरला द्या, मेन स्विच कुठे आहे ते प्रत्येक पाळीला दाखवा. ठिणगी उडते, बोर्ड तापतो, अशी लेखी तक्रार तिने दिली तर तिला पोच मिळाली पाहिजे. ती पोच उद्या तिची ढाल ठरेल. अपघात झाला तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खालची निरीक्षकाची चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल लोकांसमोर यावा. पोलीस तपासाची सुरुवात शेवटच्या सहीपासून व्हावी. सही नसेल, तर ती ज्याने करायला हवी होती त्याच्यापासून.

हे काम कुठल्याही तालुक्यातल्या गटाला करता येईल. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या ग्रामीण रुग्णालयाबद्दल, मुलींच्या वसतिगृहाबद्दल, आश्रमशाळेबद्दल तीन गोष्टी विचारा: शेवटचा विद्युत तपासणी अहवाल, मंजूर भार व प्रत्यक्ष जोडभार, आणि दुरुस्तीसाठी झालेला पत्रव्यवहार. उत्तर आलं तर त्यातले दोष घेऊन रुग्णालय प्रमुखाच्या दारात जा. अहवालच नाही असं उत्तर आलं, तर तो कागद जपून ठेवा. उद्या एखाद्या सिस्टरच्या जामीन अर्जाला तो जोडता येईल. पण आजच तो जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला, तर कदाचित ती वेळच येणार नाही.