आठ दिवसांची सेवा आणि तिचा हिशेब

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की विमानतळांवर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेल्या मुलामुलींचे घोळके दिसू लागतात. कोणी होंडुरासला निघालेले, कोणी हैतीला, कोणी केनियाला. आठ-दहा दिवस राहायचे, शाळेची भिंत रंगवायची, मुलांना गाणी शिकवायची, येशूचा संदेश सांगायचा आणि परत यायचे. याला आपण अल्पमुदतीचे मिशन म्हणू. बँकेत मुदत ठेव असते, तशी ही मुदत सेवा! रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाने २००५ च्या पाहणीवरून असा अंदाज मांडला की, वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन चर्चसभासद अशा फेरीवर परदेशी जातात.

मिशनरी म्हटले की आपल्यापुढे वेगळीच माणसे उभी राहतात. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आली, पुढे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवू लागली आणि १८६२ साली तिथेच वारली. तिची शाळा पाहून जोतीराव फुले यांनी प्रेरणा घेतली, हे वाचकांना ठाऊक आहेच. तिच्या धर्मप्रचाराबद्दल कोणाचे काहीही मत असो, बाई ३४ वर्षे इथे राहिली.

मग चौतीस वर्षांचे आठ दिवस झाले कसे? १९५६ साली लॉरेन कनिंगहॅम हा विशीतला अमेरिकन तरुण बहामा बेटांवर गेला असता त्याला म्हणे एक दृष्टांत झाला. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर येत आहेत आणि त्या लाटांची तरुण माणसे होत आहेत! १९६० साली त्याने 'यूथ विथ अ मिशन' ही संस्था काढली. त्याच सुमारास, १९५७ साली, जॉर्ज व्हर्वर नावाचा विद्यार्थी दोन मित्रांसह जुन्या ट्रकमधून स्पॅनिश धर्मपुस्तके घेऊन मेक्सिकोत गेला. त्यातून पुढे 'ऑपरेशन मोबिलायझेशन' उभी राहिली. तोवर जेट विमाने आली होती. पूर्वी बोटीने महिनोन्महिने लागत, तिथे रात्रीत पोहोचता येऊ लागले. सुट्टीत जाऊन येण्यासारखे काम झाले ते असे.

या प्रकाराला पहिली सणसणीत चपराक दिली ती एका कॅथलिक पाद्र्यानेच. इव्हान इलिच मेक्सिकोत कुएर्नावाका येथे अभ्यासकेंद्र चालवीत. सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या विद्यार्थ्यांपुढे एप्रिल १९६८ मध्ये त्यांनी भाषण केले. त्याचा मतितार्थ असा : पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही त्यांचे भले तुम्ही कसले करणार?

आता आमच्या आवडीचा भाग, म्हणजे हिशेब. ऑक्टोबर १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासची धूळधाण केली. अमेरिकेतून चर्चची पथके घरे बांधायला धावली. कर्ट व्हर बीक या प्राध्यापकाने (हेही ख्रिस्ती कॉलेजातलेच) त्याची पाहणी केली. विमानभाड्यासह एका पथकाचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर आणि त्यातून उभे राहिलेले घर २ हजार डॉलरचे! तेवढ्या पैशात स्थानिक संस्थेने गवंडी लावून पंधरा घरे बांधली असती. चौदा कुटुंबांचे छप्पर विमानाच्या तिकिटात गेले. गवंड्यांची मजुरी बुडाली ती वेगळीच. घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात, घर गोऱ्यांनी बांधले की गाववाल्यांनी, याने काही फरक पडलेला त्यांना दिसला नाही.

पैशाचे एक वेळ सोडा, पण लेकरांचे काय? १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. त्याच महिनाअखेरीस दहा अमेरिकन बाप्टिस्ट तेहतीस मुलांना बसमध्ये घालून, कागदपत्रांशिवाय, शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना सरहद्दीवर पकडले गेले. मुले अनाथ आहेत असे ते सांगत होते. बहुतेकांचे आईबाप जिवंत निघाले! शिक्षण मिळेल, चांगले जगतील, या आशेने काही आईबापांनीच ती सोपवली होती. अपहरणाचा आरोप पुढे टिकला नाही. पण आमच्या मते खरा प्रश्न कोर्टापलीकडचा आहे. ज्या आईला पोटचे पोर पोसता येत नाही तिला हात द्यायचा, की पोरच उचलून न्यायचे?

धर्म सांगायला आमची हरकत नाही. निवडायचा अधिकार ज्याचा त्याचा. मात्र येवल्याच्या घोषणेपासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत २१ वर्षे विचार झाला, हे ज्यांच्या घरात सांगितले जाते त्यांना संध्याकाळच्या सभेत दुभाष्यामार्फत बोलून वर आलेले हात मोजणे विचित्र वाटणारच. त्यातही हात वर करणारा उपाशी असेल, तर तो पावाला होकार देतो आहे की प्रभूला, हे पाहुण्यांना कसे कळावे?

सगळेच वाईट आहे असे नाही. काही डॉक्टर दरवर्षी त्याच दवाखान्यात जातात, शस्त्रक्रिया करतात, तिथल्या डॉक्टरांना शिकवतात. त्यांना तिकडून बोलावणे असते आणि मागे काम चालू ठेवणारा माणूसही असतो. बाकीच्यांसाठी २००३ साली अमेरिकेतल्या मिशन संस्थांनी एक आचारसंहिता तयार केली आहे. ती पाळणे ऐच्छिक आहे.