‘अननोन ऑथर’ कोण?

जर्नलवर सरांची सही नसेल तर सबमिशन होत नाही, हे फर्स्ट इयरच्या पोरालाही माहीत असतं. मग फायलीतल्या शेऱ्याला नाव नसलं तरी आपल्याला चालतं कसं?

आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या बी.ई. प्रोजेक्टचा रिपोर्ट लायब्रेऑफिस रायटरमध्ये होता. समासात 34 कमेंट्स. काही गाईड सरांच्या, बाकी आम्हा चौघांच्या एकमेकांना. सर लॅबच्या पीसीवर वाचायचे, आम्ही रूमवर. पण सगळीकडे नाव एकच, ‘अननोन ऑथर’! रंगही एकच. ‘हा पॅरा उडवा’ हे सरांचं की रूममेटचं, कळायला मार्ग नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री अडीचला एकजण वैतागला आणि त्याने ‘डिलीट ऑल कमेंट्स’ मारलं. समास एकदम चकाचक. प्रिंट, बाइंडिंग, झोप.

वायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं, “फॅक्टर ऑफ सेफ्टी 2 का धरला?” चौघेही गप्प. सर हळूच म्हणाले, “अरे, मी हेच विचारलं होतं की तिसऱ्या चॅप्टरला!” विचारलं होतं खरं. त्या 34 मध्येच होतं ते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कमेंट म्हणजे समासातला कचरा नव्हे, तो आपल्याला विचारलेला प्रश्न असतो. तो पुसला म्हणून सुटत नाही.

आता उपाय. ‘टूल्स’मध्ये ‘ऑप्शन्स’, तिथे ‘युजर डेटा’. तिथे आपलं नाव टाका. एका मिनिटाचं काम. मग पुढच्या प्रत्येक कमेंटखाली नाव येतं आणि प्रत्येकाचा रंग वेगळा दिसतो. फक्त एकाच्याच कमेंट्स काढायची सोयही आहे, पण नावंच नसतील तर ती काय कामाची? दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तर आधी नाव बदला, नाहीतर तुमचे शेरे त्याच्या नावावर जमा.

दुसरं, ज्या वाक्याबद्दल बोलायचंय ते सिलेक्ट करून मगच कंट्रोल-ऑल्ट-सी दाबा. नुसता कर्सर ठेवून ‘हे चूक’ लिहिलं, तर ‘हे’ म्हणजे काय ते शोधत बसावं लागतं. कमेंटमधली अक्षरं बोल्ड, इटॅलिक करता येतात, म्हणून सगळंच बोल्ड करू नका. बोल्ड फक्त प्रश्नाला. सगळेच ओरडले तर ऐकणार कोण?

तिसरं, डिलीट करण्याऐवजी ‘रिप्लाय’ द्या, काम झालं की ‘रिझॉल्व्ह’ करा. शेवटी छापताना प्रिंटच्या ऑप्शन्समध्ये कमेंट्स समासात घ्यायची सोय आहे. तशी एक कॉपी स्वतःसाठी काढा आणि वायव्हाच्या आदल्या रात्री तीच वाचा. एक्स्टर्नलचे निम्मे प्रश्न त्यात सापडतील.

सर-मॅडम लोकांनाही एक नम्र विनंती. नुसतं ‘?’ किंवा ‘रीराइट’ लिहिलं की आम्ही शब्द इकडचे तिकडे करतो आणि चूक तिथेच राहते. ‘का’ ते एका ओळीत लिहा ना! तुमची ती एक ओळ आम्हाला वायव्हात वाचवते.

आमचा फॅक्टर ऑफ सेफ्टी 2 होता. अक्कल मात्र शून्य. बघा, तुमच्या फायलीत कोणी ‘अननोन’ बसलाय का!