मंगळावरचा बर्फ वरून कसा कळला?

शाळेत ज्याला मंगळ म्हणतात आणि उर्दूत मिर्रीख, त्या ग्रहाच्या मातीत काय आहे हे ४०० किलोमीटर वरून फिरणाऱ्या यानाला कसं कळतं? फोटोत तर वरची धूळच दिसते.

कळतं ते गॅमा किरणांवरून. अवकाशातून विश्वकिरण सतत येत असतात. पृथ्वीची जाड हवा त्यांना अडवते. मंगळाची हवा अगदी विरळ, म्हणून ते थेट जमिनीत शिरतात आणि अणूंमधून न्यूट्रॉन उडवतात. हे न्यूट्रॉन दुसऱ्या अणूंत शिरले की तिथून गॅमा किरण बाहेर पडतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणांची ऊर्जा ठरलेली असते. शेजारी कांदा तळतायत की सुके बोंबील भाजतायत, हे भिंतीआडूनही कळतं ना, तसंच. हायड्रोजनची खूण भरपूर मिळाली, की तिथे पाणी असण्याची शक्यता मोठी.

नासाचं मार्स ओडिसी यान २००१ मध्ये निघालं. २००२ मध्ये त्याला दक्षिण ध्रुवाभोवती हायड्रोजन इतका आढळला, की कोरड्या मातीच्या थराखाली निम्म्याहून जास्त जागा बर्फानेच व्यापलेली असावी. उत्तरेकडे तेव्हा गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडची चादर होती. ती उडून गेल्यावर तिथेही तीच खूण. (‘मंगळावर पाणी’ अशी बातमी वाचून मुलं विहीर डोळ्यांपुढे आणतात. हा मातीत मिसळलेला बर्फ आहे.)

काम सोपं नव्हतं. यानाच्या धातूतूनही गॅमा किरण निघतात, म्हणून हा मापक पुढे ६ मीटर लांब दांडीच्या टोकावर नेला. किरण अतिशय क्षीण, त्यामुळे महिनोन्‌महिने मोजत राहावं लागतं. शिवाय एक मीटरहून खोलचं काही कळत नाही आणि नकाशातला एकेक ठिपका शेकडो किलोमीटरचा.

मग यावर भरवसा ठेवायचा का? तपासायला फिनिक्स यान २५ मे २००८ रोजी उत्तरेच्या मैदानात उतरलं. यांत्रिक हाताने चर खणला, तर काही सेंटीमीटरवरच पांढरे खडे. चार दिवसांत ते नाहीसे झाले. मीठ असतं तर जागेवरच राहिलं असतं. जुलैअखेर यानातल्या छोट्या भट्टीत माती तापवली आणि पाण्याची वाफ निघाली.

या भट्टीच्या कामाचे प्रमुख होते विल्यम बॉइंटन. ओडिसीवरच्या गॅमा मापकाचे प्रमुखही तेच.